पोलरायझरचे दोन तुकडे, घासलेला दगड आणि रात्रीचं आकाश: सुरुवात कुठून करावी

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडते. फिजिक्समध्ये एमएस्सी झालंय, दिवसभर काम कॉम्प्युटरवर सिम्युलेशनचं, आता हाताने काहीतरी करावंसं वाटतंय, ऑप्टिक्स, दगडांची मायक्रोस्कोपी आणि रात्रीच्या आकाशाची फोटोग्राफी या तिन्हींची ओढ आहे पण वेळ एकालाच पुरेल, तर कुठलं धरू. सोबत दोन गोष्टींचं वर्णन दिलंय. एक म्हणजे स्वतः घासलेली ग्रॅनाइटची स्लाइड, जिच्यात क्वार्ट्झचे कण "सुंदर निळे आणि जांभळट गुलाबी" दिसतात, आणि दुसरं म्हणजे मृग नक्षत्राचा फोटो, ज्याच्या एका कोपऱ्यात ताऱ्यांना पंख फुटल्यासारखे दिसतात.

मी या तिन्ही गोष्टी वीस-पंचवीस वर्षं करतेय, पोटापाण्याचा धंदाही फिजिक्सच, आणि माझं मत असं की आत्ता निवड करायची गरजच नाही. तिन्हीकडे शेवटी तुम्ही प्रकाशाच्या तरंगलांबीचा अर्धा-पाव भाग मोजत असता आणि तोही डोळ्याने, साध्या सामानाने. एकदा का ही सवय हाताला लागली की एका छंदातलं शिकलेलं दुसऱ्यात आपोआप वापरलं जातं. म्हणून सुरुवात तिन्हींच्या मुळाशी असलेल्या वस्तूपासून करा, ती म्हणजे पोलरायझर फिल्मचे (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या पातळ पारदर्शक फिल्मचे) दोन तुकडे.

पण आधी तुमची स्लाइड, कारण सगळी गोष्ट तिच्यातच आहे. क्वार्ट्झ जर निळं-जांभळं दिसत असेल तर तुमचा सेक्शन, म्हणजे काचेवर चिकटवून पातळ घासलेला दगडाचा काप, जाड राहिलाय, आणि किती जाड ते इथे बसून सांगता येतं. क्वार्ट्झमध्ये शिरलेल्या प्रकाशाचे दोन भाग होतात, एकमेकांशी काटकोनात कंप पावणारे, आणि दोघांचा वेग किंचित वेगळा असतो. अपवर्तनांकातला हा फरक क्वार्ट्झमध्ये जास्तीत जास्त ०.००९, म्हणजे अगदीच नगण्य वाटावा असा. आता जाडी ३० मायक्रॉन धरा, जी सगळं जग थिन सेक्शनसाठी वापरतं, तर एक भाग दुसऱ्याच्या मागे पडतो ०.००९ गुणिले ३० मायक्रॉन, म्हणजे २७० नॅनोमीटर. काटकोनात लावलेल्या दोन पोलरायझरच्या मधे हे ठेवलं की २७० ला जवळपास पांढरा-राखाडी रंग येतो, कारण हिरव्या प्रकाशासाठी हा फरक बरोब्बर अर्ध्या तरंगलांबीचा, तो दुसऱ्या पोलरायझरमधून पूर्ण निघतो आणि आजूबाजूचे रंगही बऱ्यापैकी निघतात. हाच सेक्शन ६० मायक्रॉनचा असेल तर फरक ५४० नॅनोमीटर, म्हणजे हिरव्याची पूर्ण एक तरंगलांबी, मग हिरवा प्रकाश जसा आत आला तसाच बाहेर पडतो आणि दुसरा पोलरायझर त्याला अडवतो. पांढऱ्यातून हिरवा काढला की उरतो किरमिजी-जांभळट. थोडं आणखी जाड, ६५० नॅनोमीटरच्या आसपास, आणि निळा येतो. ६५० भागिले ०.००९ म्हणजे ७२ मायक्रॉन. म्हणजे तुमची स्लाइड सत्तरीच्या घरात आहे आणि ज्या बाजूला गुलाबी दिसतंय त्या बाजूला साठच्या जवळ, थोडक्यात ती पाचरीसारखी घासली गेलीय. (सगळे कण बघू नका, प्रत्येक कण वेगळ्या कोनात कापला गेलेला असतो आणि तिरक्या कापलेल्याचा रंग खालचा, म्हणजे कमी जाडीला शोभणारा, येतो. सगळ्यात वरचा रंग दाखवणारा कण धरायचा.)

मला या गोष्टीचं अजूनही प्रचंड कौतुक वाटतं. मायक्रोमीटर स्क्रू नाही, लेसर नाही, नुसत्या रंगावरून तुम्ही दगडाची जाडी पाच मायक्रॉनच्या आत सांगता.

हे पुस्तकातून कळतं पण पचत नाही, त्यासाठी हाताने करायचा एक प्रयोग सांगते. एलसीडी स्क्रीन पूर्ण पांढरी करा, तिचा प्रकाश मुळातच पोलराइज्ड असतो त्यामुळे एक पोलरायझर वाचतो. काचेच्या स्लाइडवर पारदर्शक चिकटपट्टी लावा, एक थर, मग त्याच्यावर थोडी मागे सरकवून दुसरा, मग तिसरा, असा आठ-दहा पायऱ्यांचा जिना करा, सगळ्या पट्ट्या एकाच दिशेत. स्लाइड स्क्रीनला समांतर ठेवून पंचेचाळीस अंशात तिरपी फिरवून धरा, डोळ्यासमोर पोलरायझर धरून तो फिरवत स्क्रीन काळी करा, आणि बघा प्रत्येक पायरीचा रंग वेगळा. राखाडी, पांढरा, पिवळा, लाल, जांभळा, निळा, हिरवा, परत पिवळा, परत लाल, आणि वर जाताजाता रंग फिके पडत गुलाबी-हिरवट होतात. ऑगस्ट मिशेल-लेव्हीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जो रंगांचा तक्ता बनवला आणि जो आजही प्रत्येक पेट्रॉलॉजीच्या (दगडांच्या अभ्यासाच्या) लॅबमध्ये भिंतीवर असतो, तो तुम्ही चिकटपट्टीतून बनवलात. हा जिना जपून ठेवा, पुढे अनोळखी खनिजाचा रंग पहिल्या फेरीतला की दुसऱ्या फेरीतला असा गोंधळ होतो तेव्हा शेजारी धरून बघायला उपयोगी पडतो.

तो पोलरायझर खिशात ठेवून आठवडाभर फिरा. पाण्याचं प्रतिबिंब, चकचकीत फरशी, खिडकीच्या काचा, सूर्यापासून ९० अंशांवरचं निळं आकाश, सगळ्यांसमोर फिरवून बघा. एतिएन मालूने १८०८ मध्ये पॅरिसमध्ये लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित होणारा मावळता सूर्य कॅल्साइट या पारदर्शक खनिजाच्या स्फटिकातून बघितला, स्फटिक फिरवला तर दोन प्रतिमांमधली एक एकदा मंद व्हायची आणि मग दुसरी, ध्रुवीकरणाचा, म्हणजे पोलरायझेशनचा, हा शोध अक्षरशः घरबसल्या लागला. कॅल्साइटमधून एकाचे दोन दिसतात हे बार्थोलिनने १६६९ मध्येच लिहून ठेवलं होतं, पण कारण कळायला एवढा काळ गेला.

आता घासण्याबद्दल, कारण लोक इथेच अडकतात आणि सोडून देतात. दगडाचा चपटा तुकडा घ्या, एक बाजू काचेच्या जाड तावदानावर पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची पूड टाकून घासा, २२० नंबर, मग ४००, मग ६००, मग १०००. ती बाजू अगदी सपाट झाली की स्लाइडवर इपॉक्सीने चिकटवा, बुडबुडा राहू देऊ नका, दोन्ही थोडं कोमट करून चिकटवलं तर इपॉक्सी पातळ होतं आणि बुडबुडे बाजूने निघून जातात. मग उरलेला दगड करवतीने जमेल तेवढा पातळ कापा, मिलिमीटरभर राहिला तरी चालेल, आणि परत त्याच क्रमाने घासा. घासताना आठच्या आकड्यात हात फिरवायचा आणि दर वीस-तीस फेऱ्यांनी स्लाइड पाव वळण फिरवायची, नाहीतर बोटाचा दाब नेहमी एकाच कडेवर पडतो आणि तुमच्यासारखी पाचर होते. नंबर बदलताना सगळं धुवायचं, काच, हात, नखं, स्लाइडच्या कडा, सगळं. २२० चा एक कण साधारण ६० मायक्रॉनचा असतो. तुमचा सेक्शन जर ४० वर आला असेल आणि असा एक कण १००० च्या लगद्यात शिरला तर तो सेक्शनपेक्षा जाड आहे, दोन फेऱ्यांत मधोमध ओरखडा पाडून कण उपटून काढतो. माझे पहिले पाच-सहा सेक्शन याच कारणाने गेले, आणि सातवा मी कौतुकाने आणखी जरासा घासत बसले आणि कडेचं क्वार्ट्झ बघताबघता काळं पडून नाहीसंच झालं. तेव्हापासून एक नियम पाळते, क्वार्ट्झ पिवळं झालं की (म्हणजे ४५ मायक्रॉनच्या आसपास) दर दहा फेऱ्यांनी धुवून, पुसून पोलरायझरमधे बघायचं, आणि पिवळा जाऊन पांढरट राखाडी आला की हात थांबवायचा.

आणि हे सगळं ओलंच करायचं. कोरडा दगड कधी कापू नका, घासू नका, क्वार्ट्झची बारीक धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. पुसायचं फडकंही वाळवून झटकू नका, पाण्यातच धुवा.

शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने १८४९ पासून असेच दगड घासायला सुरुवात केली आणि १८५८ मध्ये त्यावरचा मोठा निबंध प्रसिद्ध केला, आज ज्याला पेट्रोग्राफी, म्हणजे मायक्रोस्कोपखाली दगड वाचणं, म्हणतात ती तिथून उभी राहिली. त्याच्या आधी एडिनबरोच्या विल्यम निकोलने १८२८ मध्ये कॅल्साइटचे दोन तुकडे कॅनडा बाल्सम या झाडाच्या पारदर्शक डिंकाने चिकटवून पोलरायझर बनवलेला होता म्हणून हे शक्य झालं. आपल्याला तर एडविन लँडची कृपा, १९२९ नंतर फिल्मचा पोलरायझर आला आणि कॅल्साइटची गरजच संपली.

मायक्रोस्कोप कुठला, तर महागडा पोलरायझिंग मायक्रोस्कोप लगेच घेऊ नका. साधा विद्यार्थ्यांचा मायक्रोस्कोप चालतो, एक फिल्म स्लाइडच्या खाली, दुसरी आयपीसवर. फक्त एक तपासणी घ्यायच्या आधी करा, स्टेजवर काहीही न ठेवता दोन्ही फिल्म काटकोनात आणा, दृश्य गडद काळं व्हायला हवं. करड्या रंगाचा क्रॉस किंवा ढगाळ डाग दिसले तर ऑब्जेक्टिव्हच्या (स्लाइडजवळच्या लेन्सच्या) काचेत ताण आहे किंवा आत कुठेतरी प्लॅस्टिकची लेन्स आहे, आणि तो स्वतःचे रंग तुमच्या दगडात मिसळणार. ४ आणि १० चे ऑब्जेक्टिव्ह पुरतात. १० च्याचा न्यूमरिकल अपर्चर, म्हणजे लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याचं माप, साधारण ०.२५ असतो, म्हणजे हिरव्या प्रकाशात १.३ मायक्रॉनपर्यंतचं बारीक दिसतं, दगडासाठी भरपूर झालं. गोल फिरणारी स्टेज नसेल तर स्लाइड बोटाने फिरवा, नाहीतर दोन्ही पोलरायझर बरोबरीने फिरवा, फिजिक्स एकच आहे.

पहिल्यांदा काय बघाल तर बसाल्ट बघा, क्वार्ट्झपेक्षा मला तोच जास्त आवडतो. प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारच्या काड्या, त्यांच्यावर काळे-पांढरे समांतर पट्टे, स्लाइड फिरवली की काळे पांढरे होतात आणि पांढरे काळे, कारण प्रत्येक पट्टा म्हणजे त्याच स्फटिकाचा उलट्या रचनेचा जुळा. मधे पायरोक्झीनचे झगमगीत रंगांचे कण. ऑलिव्हिन असेल तर त्याचा अपवर्तनांकातला फरक ०.०३५ च्या पुढे, म्हणजे त्याच ३० मायक्रॉनला हजार नॅनोमीटरच्या वर, निळे-हिरवे-गुलाबी रंग तिथेच यायला हवेत. एकदा वरचा पोलरायझर काढून अभ्रक फिरवा, तपकिरी अभ्रक गडद-फिकट-गडद होतं. गार्नेट मात्र कितीही फिरवा, काळं ते काळंच, त्याच्यात प्रकाशाला सगळ्या दिशा सारख्या. दिव्याची तीव्रता, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स मात्र दर फोटोला लिहून ठेवा, नाहीतर कॅमेरा आपल्या मनाने पिवळ्याचा पांढरा करतो आणि तुमचं जाडीचं माप गेलं.

ऑप्टिक्समध्ये हाताने करण्यासारखं म्हणाल तर आरसा घासणं. १५० मिलिमीटर व्यासाचा, १२०० मिलिमीटर फोकल लेंग्थचा आरसा घ्या, काचेत खड्डा पडतो फक्त १.१७ मिलिमीटरचा. आधी तो गोलाकार बनतो, मग त्याचा पॅराबोला करायचा, आणि मध्यभाग जुळवून बघितलं तर कडेला दोघांत फरक किती, २८६ नॅनोमीटर. तुमच्या क्वार्ट्झच्या २७० च्या जवळचाच आकडा! म्हणून मी म्हणते की छंद वेगळे वाटतात पण पट्टी तीच आहे. हा फरक दिसतो लिऑन फुकोच्या १८५८ च्या चाचणीने, वक्रतेच्या केंद्रापाशी, म्हणजे आरशापासून २४०० मिलिमीटरवर, बारीक छिद्रातून येणारा प्रकाश ठेवायचा, परत येणाऱ्या किरणांच्या वाटेत ब्लेडची धार हळूच सरकवायची आणि तिच्यामागून आरशाकडे बघायचं. आरसा बरोब्बर गोलाकार असेल तर सगळा एकदम मंद होतो. नसेल तर त्याच्यावर टेकड्या आणि दऱ्या दिसतात, बाजूने ऊन पडल्यासारख्या. एकदा मुद्दाम आरशावर अंगठा मिनिटभर टेकवून बघा, अंगठ्याच्या उबेने काच फुगते आणि तिथे उंचवटा उभा राहिलेला स्पष्ट दिसतो, काही मिनिटांनी तो विरघळून जातो. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी रात्री दोनपर्यंत तेच करत बसले होते. शेवटी पृष्ठभाग आदर्श आकाराच्या ७० नॅनोमीटरच्या आत आणायचा असतो, कारण परावर्तनात चूक दुप्पट होते आणि तरंगाची चूक पाव तरंगलांबीत राहायला हवी.

आकाशाच्या फोटोकडे वळते. इथे तरंगलांबीच्या जोडीला फोटॉनची मोजदाद येते. पृथ्वी फिरते त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतो, आणि मृगातले ते तीन तारे बरोबर तिथेच आहेत. ताऱ्यांच्या रेघा होऊ नयेत म्हणून एक फोटो किती वेळाचा घ्यावा यासाठी लोक ५०० चा नियम सांगतात, ५०० भागिले फोकल लेंग्थ इतके सेकंद. २४ मिलिमीटरच्या लेन्सला हे वीसेक सेकंद येतं. आता तुम्हीच हिशोब करा, ४ मायक्रॉनचा पिक्सेल त्या लेन्सवर ३४ आर्कसेकंदांचा, वीस सेकंदांत तारा ३०० आर्कसेकंद गेला, म्हणजे नऊ पिक्सेलची रेघ. हा नियम फिल्म आणि छोट्या प्रिंटच्या काळातला आहे, आजच्या सेन्सरला तो पुरत नाही. पाच-सहा सेकंदांचे दोनशे फोटो घ्या आणि सॉफ्टवेअरने ताऱ्यांवर तारे जुळवून स्टॅक करा, म्हणजे एकावर एक रचून एक फोटो करा. एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडत असतील तर त्यांत दहाची वर-खाली होणारच, तो प्रकाशाचाच स्वभाव आहे, आणि सोळा फोटो मिळवले की हा गोंगाट चौपट कमी, शंभर मिळवले की दहापट कमी. फोटो रॉ (सेन्सरचे मूळ आकडे जसेच्या तसे ठेवणाऱ्या फाइल) मध्येच घ्या, कारण जेपेगमध्ये आकडे वाकवलेले असतात आणि वाकवलेल्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी चुकते.

लेन्सला टोपी घालून त्याच तापमानाला, तेवढ्याच वेळाचे पंधरा-वीस डार्क फ्रेम, म्हणजे नुसते काळे फोटो, घ्या आणि एकसारख्या उजळ पडद्याचे फोटो, म्हणजे फ्लॅट, घ्या, सेन्सरच्या आणि लेन्सच्या स्वतःच्या खुणा नंतर त्यांनी काढता येतात. फ्लॅटचा कंटाळा करतात लोक, मला तर फ्लॅट वाचायला आवडतात. त्यात धुळीची कडी दिसतात, आणि कड्याचा व्यास म्हणजे धूळ सेन्सरपासून किती दूर आहे भागिले लेन्सचा एफ नंबर. २५० पिक्सेलचं कडं, पिक्सेल ४ मायक्रॉन, म्हणजे १ मिलिमीटर, एफ ५ असेल तर धूळ ५ मिलिमीटरवर बसलीय. कुठली काच पुसायची ते फोटोच सांगतो.

फोकस इन्फिनिटीच्या खुणेवर सोडू नका, व्याधासारख्या ठळक ताऱ्यावर लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून करा आणि रिंगला टेप लावा. तेजोमेघांचा लाल रंग कमी आला तर निराश होऊ नका, हायड्रोजनचा तो प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरचा आणि साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर त्यातला बराचसा अडवतो. अंधाऱ्या जागी क्षितिजावर हिरवट झाक दिसली तर ती दरवेळी कॅमेऱ्याची चूक समजू नका, जवळपास १०० किलोमीटरवरचा ऑक्सिजन ५५७.७ नॅनोमीटरला स्वतः चमकतो, तोही असू शकतो.

राहिला तुमचा पंखवाल्या ताऱ्यांचा कोपरा. चारही कोपऱ्यांत पंख सारखे आणि मध्यापासून बाहेर पसरलेले असते तर तो लेन्सचा स्वभाव म्हणायचा, कोमा आणि ॲस्टिग्मॅटिझम हे कडेला ठिपक्याचा आकार बिघडवणारे दोष, लेन्सचं तोंड एक-दोन स्टॉप बंद केलं की बरंच आवरतं. पण तुम्ही म्हणता एकाच कोपऱ्यात आहे, म्हणजे लेन्समधली एखादी काच मध्यातून सरकलीय किंवा लेन्स आणि सेन्सर एकमेकांना तिरके आहेत. खात्री अशी करा, २ सेकंदांचा फोटो घ्या, पंख तसेच राहिले तर आकाशाच्या फिरण्याचा संबंध नाही. मग फोकस त्या कोपऱ्यातल्या ताऱ्यावर नीट करा आणि समोरचा कोपरा बघा, आता तो बिघडला तर तिरकेपणा आहे, आणि माउंटची रिंग, ॲडाप्टर वगैरे काढून पुसून परत नीट बसवल्यावर कधीकधी एवढ्यानेच जातो. कुठेही फोकस केला तरी तो कोपरा सुधारतच नसेल तर काच सरकलीय, ते घरी उघडू नका.

आणि ग्रॅनाइटची ती स्लाइड टाकून देऊ नका, अजून चाळीस मायक्रॉन जायचेत. निळ्या बाजूवर बोटाचा दाब थोडा जास्त ठेवून ६०० नंबरने सगळीकडे सारखा गुलाबी येईपर्यंत घासा, मग पिवळ्यापर्यंत हळूहळू, धुवा, आणि तिथून पुढे फक्त १००० नंबर, दहा-दहा फेऱ्या.